पावणेनऊच्या बातम्या

४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन आमच्या किनाऱ्यावर साजरा झाला. देवबागला लागून असलेल्या तारकर्लीच्या वाळूत माणूस मावत नव्हता. समोर युद्धनौका, डोक्यावर विमानं, पलीकडे मालवणच्या पाण्यात शिवाजी महाराजांचा सिंधुदुर्ग. १६६४ साली ज्या खडकावर त्या किल्ल्याचं काम सुरू झालं, त्याच्या साक्षीने नौदलाने आपला दिवस साजरा करावा, याचा अभिमान या किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला वाटला आणि तो रास्तच होता.

४ डिसेंबर ही तारीख कराची बंदरावरच्या १९७१च्या हल्ल्याची. त्यानंतर पाचच दिवसांनी ९ डिसेंबर येतो. त्या दिवशी बँड वाजत नाही. १९७१च्या त्या रात्री ‘आयएनएस खुकरी’ ही फ्रिगेट दीवच्या समुद्रात बुडाली आणि १८ अधिकारी व १७६ खलाशी तिच्यासोबत गेले. जिंकलेल्या रात्रीचं शौर्य देशाने दुसऱ्या सकाळी ओळखलं. बुडत्या जहाजावरचं शौर्य ओळखायला त्याला एक पिढी लागली. ती रात्र कशी जवळ येत गेली, हे कोकणाने नीट माहीत करून घ्यायला हवं. बॉम्बे मरीनच्या काळापासून नौदलाला खलाशी पुरवत आलेला जुना रत्नागिरी जिल्हा म्हणजे आपणच.

जवळजवळ सात दिवस बाकी. २ आणि ३ डिसेंबरमधली रात्र, मुंबईसमोर

‘हंगोर’ ही पाकिस्तानी पाणबुडी मुंबईच्या बाहेर पाण्याखाली आहे. फ्रेंच बांधणीची, डाफ्ने वर्गातली, बॅटरीवर चालताना अतिशय शांत. कप्तान कमांडर अहमद तस्नीम. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात कराचीहून निघालेली ही पाणबुडी भारताच्या पश्चिम ताफ्याची जहाजं जवळून जाताना ऐकते. नेम धरता येईल इतकी ती जवळ आहेत, पण युद्ध सुरू झालेलं नाही आणि हल्ल्याची आज्ञाही नाही. ताफा निघून जातो. त्याच मोहिमेत पाणबुडीची वातानुकूलन यंत्रणा बिघडली, तेव्हा ती दुरुस्त करायला तिला पाण्यावर यावं लागलं. तस्नीम यांनी पुढे सांगितलं की मासेमारीच्या होड्यांसारखे दिवे लावून त्यांनी तो वेळ काढला. रात्री समुद्रात दिसणारा प्रत्येक दिवा आपल्याच माणसाचा आहे असं धरून चालणाऱ्या आमच्या मच्छीमारांनी ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

११८ तास बाकी. ४ डिसेंबर, रात्री पावणेअकराच्या सुमारास

‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौका कराचीसमोर पोचतात. ‘खैबर’ ही विनाशिका आणि ‘मुहाफिझ’ ही सुरुंगशोधक नौका बुडतात. हीच ती रात्र, जी आपण दर वर्षी साजरी करतो.

एक दिवस बाकी. ८ डिसेंबर, मुंबई

‘हंगोर’ने आपल्या मुख्यालयाला बिनतारी संदेश पाठवले होते. ते भारतीय केंद्रांनी पकडले आणि काठियावाडच्या किनाऱ्याजवळ पाणबुडी असल्याचं ताडलं. तिला शोधून बुडवायचं काम १४व्या फ्रिगेट स्क्वाड्रनवर आलं. या स्क्वाड्रनमध्ये तीन जहाजं, ‘खुकरी’, ‘किरपान’ आणि ‘कुठार’. ‘कुठार’ बिघाडामुळे मुंबईतच राहिली. दोनच निघाली.

‘खुकरी’ इंग्लंडमध्ये काउझच्या गोदीत बांधलेली, १९५८ साली नौदलात आलेली. स्क्वाड्रनचं नेतृत्व आणि ‘खुकरी’ची कप्तानी दोन्ही कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्याकडे. जन्म १९२६चा, गोरखपूरचा. घराणं काश्मिरी पंडितांचं. वय ४५.

इथे थोडं थांबून एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण सगळा घात तिच्यातच आहे. पाणबुडी शोधायला जहाज सोनार वापरतं. पाण्यात आवाजाची लहर सोडायची आणि तिचा परतून आलेला प्रतिध्वनी ऐकायचा. आपल्या उष्ण समुद्रात वरचं पाणी कोमट असतं आणि खाली गार थर असतो. त्या सीमेवर आवाजाची लहर वाकते, त्यामुळे गार थराखाली बसलेली पाणबुडी जहाजाला सापडत नाही. उलट पाणबुडीला काहीच सोडावं लागत नाही. जहाजाच्या पंख्याचा आवाज ती नुसती ऐकत राहते, तोही फार लांबून. १९५०च्या दशकातल्या ब्रिटिश फ्रिगेटचं सोनार आणि फ्रान्सची नवी पाणबुडी यांची गाठ पडली, तर आधी कोण कोणाला ऐकणार, हे निघण्यापूर्वीच जवळपास ठरलेलं होतं.

हे नौदलाला माहीत होतं. म्हणूनच ‘खुकरी’वर लेफ्टनंट व्ही. के. जैन हे तरुण अधिकारी होते. सोनारचा पल्ला वाढवणारं एक उपकरण त्यांनी तयार केलं होतं आणि ते प्रत्यक्ष मोहिमेत तपासून पाहायचं होतं. त्यासाठी जहाज हळू चालवावं लागे, कारण वेग वाढला की स्वतःच्याच आवाजात सगळं बुडून जातं. हळू चालणारं जहाज पाणबुडीचं सोपं भक्ष्य. एक उणीव भरून काढायला दुसरा धोका पत्करला गेला, आणि तो पत्करणाऱ्या माणसांना तो पुरता ठाऊक होता. मला यात बेफिकिरी दिसत नाही. अपुऱ्या साधनांनिशी काम अंगावर घेणाऱ्याचं धाडस दिसतं. दोष द्यायचाच तर अशा पाणबुडीपुढे अशी जहाजं पाठवणाऱ्या नियोजनाला द्यावा, आणि तो मोकळेपणी द्यावा.

२२ तास बाकी. ८ डिसेंबर, रात्री अकराच्या सुमारास

कराचीवर दुसरा हल्ला. ‘विनाश’ ही क्षेपणास्त्र नौका, सोबत ‘त्रिशूल’ आणि ‘तलवार’. केमारीचे तेलाचे साठे पेटतात. ‘खुकरी’ आणि ‘किरपान’ यांचं काम याहून अगदी वेगळं. दीवच्या बाजूला, जिथे पाण्यावर काहीच दिसत नाही, तिथे हळूहळू फिरत कान लावून बसायचं.

सुमारे १५ तास बाकी. ९ डिसेंबर, पहाट

‘हंगोर’च्या सोनारवर दोन जहाजांचा आवाज येतो. युद्धनौका आहेत हे कळतं. पाणबुडी मागे लागते, पण पाण्याखालून तिचा वेग कमी पडतो आणि जहाजं दूर जातात. तस्नीम पाठलाग सोडत नाहीत.

दुपार

दिवसभर तस्नीम एकच गोष्ट बघतात: ही दोन जहाजं फिरतात कशी? त्यांना आकार सापडतो. ठरलेल्या चौकोनी पट्ट्यात ती शोध घेत आहेत. मग मागे धावायची गरज उरत नाही. ती पुन्हा जिथून जाणार, तिथे आधी जाऊन बसायचं. पाणी शंभर मीटरही खोल नाही. पाणबुडीला निसटायला फारशी जागा नाही. तरी ते जोखीम घेतात. शत्रूच्या बाजूलाही त्या दिवशी कसबी माणूस होता, हे मान्य केलं की आपल्या माणसांनी कशाला तोंड दिलं ते नीट कळतं.

दोन तास बाकी. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास

सूर्य सहाच्या पुढेमागे मावळला आहे. पौर्णिमा होऊन आठवडा लोटलेला, चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवायचा. म्हणजे समोर कित्येक तास पूर्ण काळोख. तिथी बघून जाळं टाकणाऱ्या माणसाला असा काळोख काय असतो ते सांगावं लागत नाही.

तो गुरुवार होता, मार्गशीर्षातला. ज्या घरांत महालक्ष्मीचं व्रत असतं, त्या घरांतल्या बायका दिवसभराचा उपास या वेळी सोडायला बसतात. घट मांडलेला, कहाणी वाचून झालेली, नैवेद्य दाखवून झालेला. मुंबईच्या चाळींत, गिरगावात आणि परळात, इकडे दक्षिण कोकणातल्या वाड्यांत, जिथे म्हणून एखादा मुलगा किंवा नवरा नौदलात होता, तिथे त्या संध्याकाळी देवीपुढे काय मागितलं गेलं असेल हे वेगळं सांगायला नको. युद्धाचे दिवस होते आणि ब्लॅकआउटमुळे समईचा उजेडही खिडकीबाहेर दिसू द्यायचा नव्हता.

पाच मिनिटं बाकी. रात्री ८:४५

‘खुकरी’वर रेडिओ लागलेला आहे. आकाशवाणीच्या हिंदी बातम्यांची ही वेळ. युद्धाच्या त्या पंधरवड्यात देशभर लोक पावणेनऊला रेडिओजवळ जमत, जहाजावरही तेच. पहाऱ्यावर नसलेले खलाशी खाली मेसमध्ये आहेत. पूर्वेकडे भारतीय सैन्य ढाक्याच्या दिशेने सरकतं आहे; बातम्या चांगल्याच असणार.

‘हंगोर’ने पहिला टॉर्पेडो ‘किरपान’वर सोडला. तो जहाजाखालून निघून गेला, फुटलाच नाही. आता पाणबुडीने आपली जागा उघड केली होती. दुसरा टॉर्पेडो तिने ‘खुकरी’वर सोडला.

रात्री ८:५०

टॉर्पेडो ‘खुकरी’च्या तळाखाली फुटला.

वीज गेली. जहाज उजवीकडे कलू लागलं. खालच्या मजल्यांवरच्या माणसांना अंधारात, कललेल्या जिन्यांवरून, अरुंद दारांतून वर यायचं होतं. युद्धनौकेतली दारं आणि झाकणं मुद्दाम अरुंद आणि जाड असतात, पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. तीच त्या रात्री आड आली.

पुलावर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या ब्रिजवर, मुल्ला होते. जहाज वाचणार नाही हे त्यांना लगेच कळलं आणि त्यांनी जहाज सोडण्याची आज्ञा दिली. महावीर चक्राच्या मानपत्रात पुढचं नोंदवलेलं आहे. शांतपणे, रीतसर, ते माणसांना उतरवत राहिले. स्वतःचं जीवरक्षक जॅकेट त्यांनी एका खलाशाला दिलं. शक्य तितकी माणसं पाण्यात उतरल्यावर ते पुन्हा पुलाकडे गेले, आणखी कोणाला काढता येतं का ते पाहायला. वाचलेल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं की कप्तानाने त्यांना अक्षरशः ढकलून पाण्यात घातलं आणि स्वतः सोबत यायला नकार दिला.

खाली अडकलेल्या माणसांपैकी कितीतरी जण वर आलेच नाहीत. त्यांचं काय झालं याचं मानपत्र कुणी लिहू शकत नाही, कारण पाहणारा कुणी उरला नाही. त्या जिन्यांवर कुणी कुणाला आधी जाऊ दिलं असेल, कुणी यंत्रघरातली जागा सोडली नसेल. शौर्यपदकासाठी साक्षीदार लागतो, आणि बुडत्या जहाजाच्या पोटात साक्षीदारही सोबतच जातो. या खलाशांना मान मिळायला इतका उशीर झाला त्याचं एक मोठं कारण मला हेच वाटतं.

दोन मिनिटांनंतर

समुद्रावर ‘खुकरी’ नाही. आज्ञा समजून तिच्यावर कृती करायला जेमतेम जेवढा वेळ लागतो तेवढ्यात सारं संपलं. पाण्यावर तेल, काही तराफे, आणि काळोखात एकमेकांना हाका मारणारी माणसं.

‘किरपान’वरही एक टॉर्पेडो सुटला होता. तिने पाण्याखाली फुटणारे पाणबुडीविरोधी बॉम्ब टाकले आणि ती तिथून दूर गेली. पाण्यातल्या माणसांना सोडून ती गेली हे ऐकायला कठीण वाटतं, पण पाणबुडी जवळ असताना थांबून माणसं उचलणं म्हणजे दुसरं जहाजही देणं, असा युद्धातला कठोर हिशोब आहे. यावर नौदलातही वाद झाले. तराफ्यावर बसून जाणारं जहाज पाहणाऱ्या माणसाला तो हिशोब कसा वाटला असेल, हे त्यालाच विचारायला हवं.

बारा तासांहून अधिक उलटल्यावर. १० डिसेंबर

‘आयएनएस कच्छल’ आली, ‘किरपान’ही परतली. ६ अधिकारी आणि ६१ खलाशी जिवंत सापडले. रात्रभर थंडीत, तेलाच्या थरात, एकमेकांना जागं ठेवत त्यांनी वेळ काढला होता. ‘हंगोर’ला गाठायला चार दिवस जंग जंग पछाडलं गेलं, या शोधात निघालेलं नौदलाचं एक अलिझे विमान परत आलं नाही. पाणबुडी निसटली आणि कराचीला पोचली. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवण्याची ही पहिलीच घटना. पुढची घडली ती १९८२ साली फॉकलंडच्या युद्धात, जेव्हा ब्रिटिश पाणबुडीने अर्जेंटिनाची ‘जनरल बेल्ग्रानो’ बुडवली.

सात दिवसांनंतर. १६ डिसेंबर

पुन्हा गुरुवार, मार्गशीर्षातला शेवटचा, उद्यापनाचा. ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. देशभर पेढे वाटले गेले. १९४ घरांत त्या दिवशी काय करायचं हे कुणालाच कळलं नसेल. समुद्रात गेलेल्याचा देह मिळत नाही. रापणीवर आणि होडीवर जगणाऱ्या गावांना हे दुःख जुनंच ठाऊक आहे. किनाऱ्यावर बसायचं, दिवस घालायचे की थांबायचं यावर घरात कुजबुज व्हायची, आणि एखादी म्हातारी अखेरपर्यंत ‘येतलो तो’ म्हणत राहायची.

२८ वर्षांनंतर

मुल्लांना मरणोत्तर महावीर चक्र लवकर मिळालं. जहाजाला आणि बाकीच्यांना मात्र देशाच्या आठवणीत जागा मिळायला वेळ लागला. विजयाच्या गोष्टीत पराभवाचं पान कुठे लावायचं, हे कुणाला उमगत नव्हतं. दीवमध्ये चक्रतीर्थाजवळच्या टेकडीवर, ज्या समुद्रात ‘खुकरी’ बुडाली त्याच्याकडे तोंड करून, जहाजाची प्रतिकृती ठेवून स्मारक उभं राहिलं ते १५ डिसेंबर १९९९ रोजी. ज्या खलाशाचं मूल १९७१ साली पाळण्यात होतं, ते तोवर वडिलांपेक्षा वयाने मोठं झालं असेल.

२००६ साली मेजर जनरल इयान कार्डोझो यांचं पुस्तक आलं, ‘खुकरी’तून वाचलेल्यांच्या तोंडून ऐकलेलं. कार्डोझो स्वतः १९७१च्या युद्धात सुरुंगावर पाय पडून जखमी झाले होते आणि तो निकामी पाय त्यांनी स्वतःच्या खुकरीने कापला होता. पुढे कृत्रिम पाय लावून त्यांनी पलटण आणि ब्रिगेड सांभाळली. वाचलेल्या खलाशांशी बोलायला अशाच माणसाची गरज होती. या पुस्तकाने मोठ्याने विचारलं की कमी पल्ल्याचं सोनार असलेली जहाजं त्या पाणबुडीसमोर का पाठवली. ३५ वर्षं तो प्रश्न वाचलेल्यांच्या मनात होता.

त्याआधी, १९८९ साली, नवी ‘खुकरी’ नौदलात दाखल झाली होती. ती माझगाव गोदीत बांधलेली, म्हणजे तिच्या पत्र्यांना हात लागले त्यांत कोकणातले हात कितीतरी असणार. डिसेंबर २०२१मध्ये ती निवृत्त झाली आणि २०२२च्या प्रजासत्ताक दिनी दीवच्या प्रशासनाकडे संग्रहालयासाठी सोपवली गेली. सीमेपलीकडे ‘हंगोर’ कराचीच्या सागरी संग्रहालयात ठेवलेली आहे आणि पाकिस्तानी नौदल ९ डिसेंबर हा ‘हंगोर दिन’ म्हणून दर वर्षी पाळतं. आपल्याकडे शाळेतल्या मुलाला ४ डिसेंबर विचारला तर उत्तर येतं; ९ डिसेंबर विचारून बघावा.

४७ वर्षांनंतर

२५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारक उघडलं. तिथल्या त्यागचक्राच्या ग्रॅनाइटच्या शिळांवर स्वातंत्र्यानंतर लढाईत गेलेल्या प्रत्येकाचं नाव कोरलेलं आहे; उद्‌घाटनाच्या वेळी ही नावं पंचवीस हजारांहून अधिक होती. ‘खुकरी’वरचा आचारी असो वा इंजिन खोलीतला स्टोकर, त्याचं नाव तिथे अधिकाऱ्याच्या नावाएवढ्याच आकारात आहे. त्याच स्मारकात ब्राँझची सहा भित्तिशिल्पं आहेत आणि त्यांत नौदलाचं एकच, कराचीवरच्या हल्ल्याचं. ते असायलाच हवं. सातवं शिल्प ‘खुकरी’चं हवं होतं: कललेला जिना आणि त्यावरून दुसऱ्याला वर ढकलणारा खलाशी.

नौदल दिनाच्या सोहळ्याच्या निमित्ताने मालवण आणि देवबागने नौदलाला घरचं मानलं, तर ९ डिसेंबरही आपलाच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने ‘खुकरी’वरच्या १९४ जणांपैकी जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले कोण होते ते शोधावं, त्यांच्या गावांना कळवावं, आणि पुढच्या ९ डिसेंबरला रात्री ८ वाजून ५० मिनिटांनी तारकर्लीच्या किनाऱ्यावर, जिथे युद्धनौका उभ्या होत्या त्याच पाण्यासमोर, ती नावं गावासकट मोठ्याने वाचावीत. त्यासाठी मंडप लागत नाही, पाहुणे लागत नाहीत. नावं दिल्लीत कोरलेली आहेत. गावांचे पत्ते नौदलाच्या नोंदींत असतील. एक पत्र लिहून सुरुवात करता येईल, आणि ते या डिसेंबरच्या आत जायला हवं.